समोरचा भिडू

पत्त्यांच्या कॅटाविषयी आपल्या घरांतून दोन परस्परविरोधी भावना एकत्र नांदत आल्या आहेत. लग्नघरात जागरणाच्या रात्री मांडवाच्या कोपऱ्यात डाव रंगला, तर कोणी हरकत घेत नाही. मात्र घरातला तरुण मुलगा दिवसाढवळ्या पत्ते कुटत बसलेला दिसला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. या आठीमागे अनुभव आहे. पत्त्यांपायी गहाण पडलेल्या वाड्या आणि विकलेले दागिने यांच्या कथा आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ऐकल्या होत्या आणि काहींनी पाहिल्याही होत्या.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र या बाबतीत एकांगी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, की दैवावर अवलंबून असलेले खेळ किंवा पैजा मुळातच न्यायाविरुद्ध आहेत असे नाही. परंतु त्यांच्यापायी माणसाच्या स्वतःच्या वा इतरांच्या निर्वाहास लागणारे धन हिरावले जाऊ लागले, की ते नीतीस सोडून होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली रमीच्या एका खटल्यात असाच विवेक केला. रमीत कौशल्य प्रधान आहे असा निर्णय देताना न्यायालयाने ब्रिजचा दाखला दिला होता: पाने वाट्याला येतात ती दैवाने, पण ती लक्षात ठेवावी लागतात आणि खेळावी लागतात ती बुद्धीने. पुढे २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजला प्रथमच स्थान मिळाले आणि साठ वर्षांचे प्रणब बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

तेव्हा ब्रिज हा बुद्धीचा खेळ आहे, याविषयी आता वाद उरलेला नाही. प्रश्न आहे तो वेगळाच. ज्याने हा खेळ केवळ विरंगुळा न मानता त्यालाच आपला व्यवसाय केले, त्यातून कीर्ती आणि संपत्ती मिळवली, त्याच्या आयुष्याचा हिशेब शेवटी कसा जुळतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ईली कल्बर्टसन या माणसाच्या चरित्राकडे वळावे लागते; कारण व्यावसायिक ब्रिजपटू ही वृत्ती खऱ्या अर्थाने जगात रूढ झाली ती त्याच्यापासून.

त्याची कहाणी समजण्यासाठी खेळाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. ब्रिज चौघांत खेळतात. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पानांतून प्रत्येकाच्या वाट्याला तेरा पाने येतात. प्रथम बोली होते: तेरापैकी आपली जोडी किती हात करील आणि हुकूम कोणता असेल, हे क्रमाक्रमाने बोलून दाखवायचे. ज्या जोडीची बोली सर्वांत वरची ठरते, तिने तितके हात करण्याचा जणू करार केलेला असतो. मग त्या जोडीतील एक जण आपली पाने टेबलावर उघडी मांडतो आणि स्वस्थ बसतो. दोघांचीही पाने त्याचा भिडू खेळतो.

यातील मर्माची गोष्ट अशी, की बोलीच्या वेळी भिडूची पाने आपल्याला दिसत नाहीत. त्याला ती सांगता येत नाहीत. खूण करणे किंवा आवाजात फरक करणे हे तर सरळसरळ लबाडीचे. ठरावीक बोलींच्या मोजक्या शब्दांतूनच दोघांनी एकमेकांचे मन ओळखायचे. १९२५ पूर्वी प्रचलित असलेल्या ‘ऑक्शन ब्रिज’मध्ये बोली कमी केली तरी प्रत्यक्षात जास्त झालेले हात डाव जिंकण्याच्या हिशेबात धरले जात. त्या वर्षी हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ या बोटीवर प्रवास करीत असताना गुणांकनाची नवी पद्धत सिद्ध केली. तीनुसार जितके हात बोलून दाखवले असतील, तितकेच डावासाठी मोजले जाऊ लागले. हाच ‘कॉन्ट्रॅक्ट ब्रिज’. बदल दिसायला लहान, पण परिणाम मोठा. आता नेमकी बोली हीच निम्मी लढाई ठरली आणि भिडूंना परस्परांशी बोलण्यासाठी एका निश्चित भाषेची गरज भासू लागली. ती भाषा घडवून विकणे, हाच कल्बर्टसनचा व्यवसाय होता.

२२ जुलै १८९१ रोजी रुमानियात त्याचा जन्म झाला. वडील अमेरिकन खाण-अभियंते, आई रशियातील कोसॅक घराण्यातली. वडिलांनी कॉकेशस प्रांतातील ग्रोझ्नीच्या तेलविहिरींतून मोठी संपत्ती मिळवली आणि मुलगा वैभवात वाढला. अमेरिकेतील विद्यापीठांत तो थोडा काळ राहिला, मग जिनिव्हा आणि पॅरिस येथे शिकला. अनेक युरोपीय भाषा त्याला सहज येत. तारुण्यात आपण क्रांतिकारकांच्या नादी लागलो होतो आणि रशियातील तुरुंगातच पत्त्यांचे खरे धडे घेतले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. तो कथा रंगवून सांगण्यात निष्णात होता, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. १९१७ च्या रशियन राज्यक्रांतीत कुटुंबाची मालमत्ता गेली आणि ज्याला कधी पोटाची चिंता करावी लागली नव्हती, तो तरुण पॅरिसमध्ये पत्ते खेळून दिवस काढू लागला. १९२१ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हाही त्याच्याजवळ दुसरे साधन नव्हते. हौसेच्या भरात नव्हे, तर गरजेपोटी तो या व्यवसायात आला.

न्यूयॉर्कच्या ‘निकरबॉकर व्हिस्ट क्लब’मध्ये जोसेफिन मर्फी डिलन नावाची तरुण विधवा ब्रिज शिकवीत असे. उत्तम खेळाडू आणि त्याहून उत्तम शिक्षिका म्हणून तिचा लौकिक होता. स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने टेबलाशी बसणे जेव्हा अपवादात्मक होते, तेव्हा नामांकित पुरुष खेळाडू तिला भिडू म्हणून पसंत करीत. १९२३ साली तिचा आणि ईलीचा विवाह झाला. ती शांत, मितभाषी आणि स्थिरबुद्धी; तो तापट, नाटकी आणि कल्पक. खेळाच्या दृष्टीने ही जोडी एकमेकांस पूरक होती. आरंभीची वर्षे ओढाताणीची गेली. दोन मुले झाली. शिष्य मिळवून देणारी, ओळखी करून देणारी आणि संसार सावरणारी जोसेफिनच होती. पुढे जगाने ‘कल्बर्टसन पद्धती’ म्हणून जे डोक्यावर घेतले, त्यात तिच्या अध्यापनाचा अनुभव मोठ्या प्रमाणात मुरलेला होता.

ऑक्टोबर १९२९ मध्ये कल्बर्टसनने ‘द ब्रिज वर्ल्ड’ हे मासिक सुरू केले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदीचे पर्व सुरू झाले. धंदा काढण्यास याहून अशुभ मुहूर्त नाही असे कोणासही वाटले असते. पण झाले उलटेच. नाटक-सिनेमाचे तिकीट न परवडणारी कुटुंबे संध्याकाळी घरीच बसू लागली. पत्त्यांचा एक कॅट आणि शेजारचे जोडपे, एवढ्यावर रात्र सुखाची जाई. १९३० साली त्याचे ‘कॉन्ट्रॅक्ट ब्रिज ब्लू बुक’ प्रसिद्ध झाले आणि अमाप खपले. त्यात एक्का, राजा, राणी यांच्या बळाचे मोजमाप कसे करावे आणि त्यानुसार बोली कशी द्यावी, याची सुसूत्र मांडणी होती. त्याच वर्षी लंडनमध्ये लेफ्टनंट-कर्नल वॉल्टर बुलर यांच्या संघाशी दोनशे डावांचा सामना झाला. पद्धतीबिद्धतीची गरज नाही, साधी समज पुरे, असे बुलर यांचे मत. ईली, जोसेफिन, थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेड्‌टविट्झ या चौघांनी त्यांना ४,८४५ गुणांनी हरवले.

याच सुमारास अमेरिकेत एका भयंकर घटनेची चर्चा चालली होती. सप्टेंबर १९२९ मध्ये कॅन्सस सिटीत बेनेट नावाचे जोडपे शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत असता पतीचा चार इस्पिकचा करार बुडाला. पत्नी बोलली, त्याने तिला थपडा मारल्या आणि तिने पिस्तूल आणून त्याच्यावर गोळी झाडली. १९३१ मध्ये ती न्यायालयातून निर्दोष सुटली. कल्बर्टसनने या शोकांतिकेचा आपल्या प्रचारासाठी बेधडक उपयोग करून घेतला. पतिपत्नींची बोली स्वच्छ आणि ठरलेली असती, तर असा प्रसंग ओढवला नसता, असा त्याच्या सांगण्याचा रोख असे. मेलेल्या माणसाच्या नावावर धंदा करणे हे अशोभनीय होते. पण लोकांच्या मनातील दुखरी जागा त्याने अचूक ओळखली होती. टेबलावर फुटणारे भांडण टेबलावर सुरू झालेले नसते, हे संसार करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. त्या भांडणावरील औषध म्हणून त्याने आपली पद्धती पुढे केली आणि तिच्या गुणाचा पुरावा म्हणून स्वतःचे दांपत्य जगासमोर मांडले.

या प्रदर्शनाचा कळस १९३१ च्या डिसेंबरात झाला. जुन्या नामवंत तज्ज्ञांनी एकत्र येऊन कल्बर्टसनविरुद्ध ‘अधिकृत’ पद्धती काढली होती. त्यांच्यापैकी सिडनी लेंझ यांना त्याने आव्हान दिले: दीडशे रबर खेळू, मी हरलो तर पाच हजार डॉलर, तुम्ही हरलात तर एक हजार, आणि रक्कम धर्मादायास. ७ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या चॅटम हॉटेलात सामना सुरू झाला आणि पुढे वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात ८ जानेवारी १९३२ रोजी संपला. पंच होते अॅल्फ्रेड ग्रुएन्थर नावाचे तरुण लेफ्टनंट. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ते रसायनशास्त्र शिकवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५३ ते १९५६ या काळात, हेच गृहस्थ नाटोच्या सैन्याचे सर्वोच्च सेनापती झाले.

वृत्तपत्रांनी या सामन्याला शतकातील महायुद्ध म्हटले. बातमीदारांचा तांडा हॉटेलात तळ ठोकून होता. पडद्याच्या फटीतून खेळाडूंची झलक पाहिली जाई आणि एकेका डावाचा वृत्तान्त तारेने देशभर जाई. लाखो लोक बेकार असताना चार सुस्थितीतील माणसांच्या पत्त्यांना एवढे महत्त्व मिळावे, याचा विषाद वाटतो. पण कदाचित त्या बेकारीमुळेच लोकांना विसाव्याचे असे एक ठिकाण हवे होते. कल्बर्टसन मुद्दाम उशिरा येई, प्रतिपक्षाला चिडवी. जोसेफिनने मात्र अठ्ठ्याऐंशी रबर आपला तोल न ढळू देता खेळून काढले. उलट लेंझ आणि त्यांचा तरुण भिडू ऑस्वाल्ड जेकबी यांच्यात ठिणगी पडली. लेंझ यांनी आपल्या खेळावर सर्वांदेखत टीका केली याचा राग येऊन १०३ व्या रबरनंतर जेकबी उठून गेला आणि त्याच्या जागी कमांडर विन्फील्ड लिगेट बसले. अखेर कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी विजयी झाली. दीडशे रबरांच्या मानाने ही आघाडी फार मोठी नव्हती. पण लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच, की एका बाजूची जोडी मोडली आणि दुसऱ्या बाजूचे जोडपे टिकले.

यानंतर पैशाचा ओघ सुरू झाला. पुस्तके, वृत्तपत्रांतील सदरे, रेडिओवरील व्याख्याने, प्रमाणपत्र दिलेल्या शिक्षकांचे जाळे, न्यूयॉर्कमध्ये ‘क्रॉकफर्ड्‌स’ नावाचा क्लब, पुढे प्लॅस्टिकचे पत्ते: एका खेळाभोवती एवढा विस्तृत व्यापार पूर्वी कोणी उभा केला नव्हता. आजही जगभर व्यावसायिक ब्रिजपटू ज्या मार्गांनी उपजीविका करतात, त्यांतील शिकवणे आणि लिहिणे हे मार्ग त्याने प्रशस्त केले. जुगाऱ्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या नुकसानीतून येते. शिक्षकाचे तसे नसते. त्याने घेतलेल्या पैशाच्या बदल्यात शिष्याच्या पदरी काही पडते. पत्त्यांवर जगणाऱ्या माणसाला कल्बर्टसनने पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात आणले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

१९३५ मध्ये पी. हॅल सिम्स आणि डॉरोथी सिम्स या दांपत्याशी पुन्हा दीडशे रबरांचा सामना झाला. दोन्ही बाजूंना पतिपत्नी. कल्बर्टसन दांपत्याने तो १६,१३० गुणांनी जिंकला. प्रेक्षकांच्या लेखी ते आदर्श जोडपे होते. घरात मात्र सारे विसकटत चालले होते. ईलीचा स्वभाव, त्याचा स्वैरपणा, अहोरात्र धंद्याचा विचार आणि सतत लोकांच्या नजरेत राहण्याचा ताण यांनी संसाराची वीण उसवली. दोघे वेगळी राहू लागली, तरी व्यवसायासाठी भिडू म्हणून एकत्र बसत राहिली. जून १९३७ मध्ये बुडापेस्ट येथे जागतिक स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात पाउल स्टर्न यांच्या ऑस्ट्रियन संघाने त्यांना हरवले. कल्बर्टसनची ही शेवटची मोठी स्पर्धा. १९३८ च्या आरंभी घटस्फोट झाला.

हा दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. तथापि एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. ज्या जोडप्याने हजारो पतिपत्नींना शिकवले, की एकमेकांशी बोलताना शब्द नेमके असू द्या, दिलेल्या बोलीचा मान राखा, समोरच्याची चूक चारचौघांत दाखवू नका, त्यांच्याच घरात हा धडा कामी आला नाही. टेबलावरील विश्वासाला नियमांचे कुंपण असते. भिडूने बोली दिली म्हणजे तिचा अर्थ ठरलेला. संसारात असा तक्ता नाही. तेथे शब्दामागे माणूस उभा राहावा लागतो.

बुडापेस्टच्या विजेत्यांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि स्टर्न यांना लंडनला पळून जावे लागले. त्याच स्पर्धेत स्त्रियांचे विजेतेपद मिळवणाऱ्या ऑस्ट्रियन संघातील ज्यू खेळाडू रिक्सी मार्कुस यांनीही लंडनचाच आश्रय घेतला. तेथेच त्या पुढे जागतिक ब्रिज महासंघाच्या पहिल्या महिला ग्रँडमास्टर झाल्या. एक वर्षापूर्वी जगज्जेती ठरलेली माणसे निर्वासित झाली होती.

युरोपच्या या पडझडीने कल्बर्टसनला पत्त्यांपासून दूर नेले. युरोप आणि रशिया ही त्याच्या बालपणाची भूमी. १९४० मध्ये आत्मचरित्र लिहून त्याने जणू आपल्या पूर्वायुष्याचा हिशेब मिटवला आणि उरलेले आयुष्य जागतिक शांततेच्या योजनेस वाहिले. १९४३ मध्ये त्याचे ‘टोटल पीस’ हे पुस्तक आले. त्यात त्याने राष्ट्रांचा एक संघ कल्पिला होता. प्रत्येक मोठ्या राष्ट्राच्या सैन्यबळाला ठरावीक वाट्याची मर्यादा असावी, म्हणजे कोणी एकटा इतरांवर मात करू शकणार नाही. आणि लहान राष्ट्रांतील सैनिकांचे एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय दल असावे. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत सुधारणा व्हावी म्हणून त्याने चळवळ उभारली. तिचे पडसाद अमेरिकन काँग्रेसमध्येही उमटले. पण ती योजना प्रत्यक्षात आली नाही. पत्तेवाल्याने जगाला शहाणपण शिकवू नये, असे म्हणणारेही पुष्कळ होते.

त्याच्या योजनेचा विचार करताना पोप तेविसावे जॉन यांच्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्राची आठवण होते. कल्बर्टसनच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, एप्रिल १९६३ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. साऱ्या जगाच्या हिताची काळजी वाहणारी एखादी जागतिक सत्ता असली पाहिजे, असे पोपमहोदयांनीही त्यात प्रतिपादिले. मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: शस्त्रांच्या समतोलावर खरी शांती उभी राहत नाही, ती उभी राहते परस्परविश्वासावर. कल्बर्टसनच्या मांडणीतील उणीव नेमकी येथे होती. वाटे, मोजमाप आणि तक्ते यांवर त्याची भिस्त होती. विश्वास हा नियमांनी निर्माण करता येतो, ही त्याच्या खेळाची शिकवण. ती त्याने राष्ट्रांना लावून पाहिली.

इकडे ब्रिजच्या जगातही त्याचे राज्य ओसरले. १९४९ च्या सुमारास चार्ल्स गोरेन यांनी पानांना गुण देऊन मोजण्याची सोपी रीत लोकप्रिय केली: एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. आजही नवशिका हीच रीत प्रथम शिकतो. १९४७ मध्ये केलेला कल्बर्टसनचा दुसरा विवाहही टिकला नाही. २७ डिसेंबर १९५५ रोजी, नाताळनंतर दोनच दिवसांनी, व्हर्मांट राज्यातील ब्रॅटलबरो येथे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. पुढे तीन महिने पुरे होण्याच्या आत, मार्च १९५६ मध्ये, जोसेफिनही गेली. घटस्फोटानंतरही तिने कल्बर्टसन हेच नाव लावले, त्याच नावाने लेखन केले आणि व्यवसायातील संबंध तुटू दिला नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेत ब्रिजच्या थोर व्यक्तींचे गौरवदालन स्थापन झाले, तेव्हा पहिल्या तिघांत ईली कल्बर्टसनचे नाव होते. त्याच दालनात जोसेफिनला जागा मिळण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. ज्या भिडूच्या आधाराने त्याने सारे उभारले, तिची आठवण व्हायला जगाला तीस वर्षे अधिक लागली. आपल्या घरांतही अशा जोसेफिन असतात. नाव एकाचे होते, आणि पाने उघडी मांडून स्वस्थ बसलेल्या दुसऱ्याच्या बळावर डाव जिंकला जातो.

आपल्याकडे सुटीच्या दिवशी जेवणे उरकल्यावर आजही कुठे कुठे पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. निघू द्यावा. लहानांनी मोठ्यांसमवेत बसावे, हरण्याची सवय करावी, भिडूला सांभाळून घ्यावे. फक्त डाव संपला, पत्ते आवरले, म्हणजे समोर बसलेल्या माणसाकडे क्षणभर नीट पाहावे. त्याची पाने आपण बरोबर ओळखली असतील. त्याला ओळखले आहे की नाही, हे आपले आपणच विचारायचे असते.